चारीतलं पाणी आणि मेंदूचा नकाशा

इंदापूरच्या एका वाचकांनी विचारलंय, मेंदूतल्या गाठीचा एमआरआय झालेला असताना ऑपरेशनआधी डॉक्टर पुन्हा ‘फंक्शनल एमआरआय’ कशाला सांगतात?

पहिल्यात गाठ दिसते. दुसऱ्यात तिच्या आसपासचा मेंदू काय काम करतो, याचा अंदाज बांधतात. पेशंटने यंत्रात पडल्यापडल्या बोटं हलवायची, मनात ‘क’चे शब्द आठवायचे, कामाला लागलेले भाग पडद्यावर रंगीत उमटतात.

अंदाजच म्हणायचं, कारण हे यंत्र पेशींचं काम पाहतच नाही. रक्तातल्या ऑक्सिजननुसार एमआरआयचा संकेत बदलतो, हे सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये दाखवलं. कामाला लागलेल्या भागाकडे रक्त जास्त धावतं; टिपलं जातं ते तेवढंच. नीरा डाव्या कालव्यावरच्या माणसाला यातली गोम लगेच कळेल. आवर्तन सुटल्यावर चाऱ्यांतलं पाणी बघून सांगता येतं, कुणाचा ऊस भिजतोय. पण वरच्या अंगाला चारी तुंबली असेल तर? खालचं रान कोरडं दिसतं. पाणी नाही म्हणजे पीक नाही, असं धरून कुणी तिथे नांगर घातला तर? गाठ आसपासच्या रक्तवाहिन्यांचा ताल बिघडवते आणि नीट चालणारा भागही पडद्यावर रिकामा दिसू शकतो. रंगीत चित्रांवर भाळणाऱ्या बातम्यांत हे सहसा नसतं.

म्हणून गाठ वाचेच्या जागेला खेटून असली, की पेशंटला जागं ठेवून ऑपरेशन करतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही ते होतं. डोक्याच्या त्वचेला भूल देतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही. पेशंट चित्रं पाहून नावं सांगतो, सर्जन मेंदूला हलका विद्युतप्रवाह लावत जातो. जिथे बोलणं अडतं, ती जागा राखायची. याचं श्रेय सगळे माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्डना देतात. पण 1928 मध्ये हेच पेनफिल्ड ब्रेसलाउला ओटफ्रिड फोर्स्टर यांच्या हाताखाली सहा महिने शिकत होते! फोर्स्टरांचं नाव आज कोण घेतं? पेनफिल्डकडे शिकलेल्या जेकब चांडींनी 1949 मध्ये वेल्लोरला भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला.

दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत दोन्हींच्या काही जागा वेगळ्या असतात, असं ओजेमान आणि व्हिटेकर यांना 1978 मध्ये आढळलं. तेव्हा घरात मराठी बोलणाऱ्याची चाचणी नुसती हिंदीत उरकू देऊ नका. डावखुरे असाल तर तेही आधी सांगा. अशा काहींची वाचा मेंदूच्या उजव्या अर्ध्यात असते.