मीटर शून्यावर येतो तेव्हा

स्कूटरच्या मीटरवर ९९९९९ नंतर पुन्हा शून्ये येतात. संगणकांच्या जाळ्यातही असेच मीटर असतात. देखरेख करणारा संगणक ठरावीक वेळाने प्रत्येक उपकरणाला ‘आतापर्यंत किती बाइट आले?’ असे विचारतो आणि मागचे उत्तर त्यातून वजा करतो. काय मोजायचे, कोणत्या नावाने, किती लांब आकड्यात, हे मानकात लिहिलेले असते.

इंटरनेटच्या १९९१ सालच्या मानकात हा आकडा ३२ बिटांचा होता. म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ नंतर शून्य. सेकंदाला १० मेगाबिट वेगाची तार पूर्ण भरून वाहिली, तर त्याला ५७ मिनिटे लागतात. १ गिगाबिटच्या तारेवर मात्र अवघे ३४ सेकंद! पाच मिनिटांनी विचारणाऱ्याला मधले फेरे कळणार कसे?

ही मानके तयार करणाऱ्या आयईटीएफ संस्थेत असे मसुदे प्रसिद्धीपूर्वी तपासणाऱ्यांना ‘मिब डॉक्टर’ असे गमतीदार नाव पडले. मिब म्हणजे या मोजमापांची यादी. मसुद्याचे व्याकरण प्रोग्रॅमही तपासतो. पण तासाच्या आत शून्यावर येणारा मीटर ३२ बिटांचाच ठेवला आहे का, हे माणसालाच विचारावे लागते. ते आधीच विचारलेले बरे. प्रसिद्ध झालेल्या नावाचा अर्थ मागाहून बदलता येत नाही, कारण जुनी उपकरणे त्याच अर्थाने उत्तरे देत राहतात. म्हणूनच १९९४ साली ६४ बिटांचा मीटर आला, तो नव्या नावाने, जुन्याच्या शेजारी.

१ गिगाबिटच्या तारेवर हा नवा मीटर किती पुरेल, हे विद्यार्थ्यांना काढू द्यावे. उत्तर साडेचार हजार वर्षांच्या पुढे जाते.