वर्ड उघडताच अडकतंय? अनइन्स्टॉल करण्याआधी हे तपासा

उद्या प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायचा आहे आणि घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट वर्ड उघडताच अडकतंय. अशा वेळी अनेक जण वर्ड काढून पुन्हा टाकतात. तासभर जातो, पण कधी कधी नवं वर्डही तसंच अडकतं.

याचं कारण 'नॉर्मल.डॉटएम' ही फाइल असू शकतं. कोऱ्या पानाचा फॉन्ट, मार्जिन, तुमचे मॅक्रो हे सगळं या टेम्प्लेटमध्ये असतं. ती यूजरच्या फोल्डरमध्ये राहते, त्यामुळे वर्ड काढलं तरी सहसा जागची हलत नाही.

आधी कंट्रोल बटण दाबून धरून वर्डच्या आयकॉनवर डबल-क्लिक करा. सेफ मोडबद्दल विचारल्यावर 'येस' म्हणा. तिथे वर्ड नीट चाललं, तर संशय ॲड-इन किंवा टेम्प्लेटवर. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्समध्ये जाऊन खाली 'कॉम ॲड-इन्स' निवडा, 'गो' दाबा आणि सगळ्या टिक काढा. पीडीएफ सॉफ्टवेअरने न विचारता टाकलेली ॲड-इनही इथेच सापडतात.

तरीही अडकतंय? वर्ड बंद करा. यूजर फोल्डरमध्ये ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, टेम्प्लेट्स असं जाऊन त्या फाइलचं फक्त नाव बदला. (ॲपडेटा दिसण्यासाठी 'हिडन आयटम्स' सुरू करावं लागतं.) डिलीट मात्र करू नका, मॅक्रो जातील. वर्ड नवी फाइल स्वतः बनवतं.

सेफ मोडही उघडत नसेल, तर कंट्रोल पॅनेलमध्ये ऑफिस निवडून 'चेंज' आणि मग 'क्विक रिपेअर' करा. त्याला इंटरनेट लागत नाही.

सेव्ह न केलेला रिपोर्ट? फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंटमध्ये 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' पाहा. ऑटोरिकव्हर मूळ सेटिंगनुसार दर 10 मिनिटांनी प्रत ठेवतं, त्यामुळे शेवटचा परिच्छेद कदाचित पुन्हा टाइप करावा लागेल.