आजी, नातू आणि भिंतीवरची टकटक

गेल्या वेळी आपण बर्गसाँच्या स्मृतिविचारापर्यंत आलो होतो. आज मार्सेल प्रूस्त. नाशिकच्या ऐन उन्हाळ्यात प्रूस्त ऐकायला एवढी मंडळी आली, बरं वाटलं.

प्रूस्तचे वडील कॅथलिक डॉक्टर, आई ज्यू. ज्यू म्हटलं की आपल्याला कोकणातले शनिवार तेली आठवतात, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आणि घरात मराठी बोलणारे. आईची आई आदेल वेल मात्र पॅरिसची, पुस्तकांत रमणारी. मादाम द सेव्हिन्ये या सतराव्या शतकातल्या बाईंची पत्रं तिला फार प्रिय. जानेवारी १८९० मध्ये ती गेली तेव्हा नातू अठरा वर्षांचा होता.

हा नातू समलिंगी. फ्रान्समध्ये १७९१ पासून तो गुन्हा नव्हता. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. पण कायदा आड येत नाही म्हणून घरात बोलता येतंच, असं कुठे आहे? सोळाव्या वर्षी ‘वाईट सवय’ सुटावी म्हणून वडिलांनी मार्सेलला पैसे देऊन कुंटणखान्यात पाठवलं. तिथे फजिती झाली. पुन्हा पैसे हवेत असं पत्र त्याने लिहिलं, ते आजोबांना! १८८८ चं हे पत्र आज वाचायला मिळतं.

आता कादंबरीकडे या. तिथला ‘मी’ ज्यूही नाही, समलिंगीही नाही. दोन्ही गोष्टी लेखकाने स्वतःतून काढून इतर पात्रांना वाटून टाकल्या. आजी मात्र जवळ ठेवली. समुद्रकाठच्या हॉटेलात नातू भिंतीवर तीनदा टकटक करतो, पलीकडून आजी तशीच ओ देते. पुढे आजी जाते आणि नातवाला म्हणावं तसं दुःखच होत नाही. वर्षाहून अधिक काळाने त्याच हॉटेलात तो दमून बूट काढायला वाकतो. पूर्वी इथेच आजीने त्याचे बूट काढले होते. ती गेली, हे त्याला त्या क्षणी कळतं. माहीत होतं आधीपासून, कळलं आत्ता. या दोन क्रियापदांतलं अंतर आम्ही तीस वर्षं वर्गात शिकवलं, इतकं स्वच्छ कधी मांडता आलं नाही.

आणि हा प्रसंग येतो कुठे? ‘सदोम आणि गमोरा’ या खंडात. त्याच्या सुरुवातीलाच प्रूस्तने समलिंगी माणसं आणि ज्यू यांना शेजारी बसवलंय: दोघेही विखुरलेले, आपलीच माणसं टाळणारे आणि तरी एकमेकांना ओळखणारे.

आमचा एक जुना विद्यार्थी आजीला हे सांगायचं म्हणून तीनदा गावी जाऊन न बोलता परतला. चौथ्यांदा आजीनेच विचारलं, “तुझा तो मित्र जेवायला कधी येतोय रे?”