मोटारहोम घेऊन मेक्सिकोत? मार्गिका आधी ठरवा

सॅन दिएगोहून तिहुआनाला जाताना सॅन इसिद्रो लागतो, जगातल्या सर्वाधिक गजबजलेल्या सीमानाक्यांपैकी एक. तिथून 40 फुटी धूड न्यायचं, तर योग्य मार्गिका आधीच पकडा. मागे चारही चाकांवर मोटार ओढत असाल तर रिव्हर्स विसराच; जोड मोडायची भीती. तपासणीत हिरवा दिवा लागला तर सुटलात, लाल लागला तर गाडी बाजूला घ्यायची.

अमेरिकी विमा मेक्सिकोत चालत नाही, तिथला वेगळा काढा. बाहा कॅलिफोर्नियात वाहन-परवाना लागत नाही. मुख्य भूमीवर आतवर जायचं तर हवा. गंमत म्हणजे साध्या गाडीला तो सहसा 180 दिवसांचा, मोटारहोमला चक्क 10 वर्षांचा! भारतीय पासपोर्टवर वैध अमेरिकी व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही.

खरी कसोटी परतताना. तासन्‌तास रांग, काचेशी चुरो नि ब्लँकेटं विकणारे. अधिकारी आत चढून फ्रीजसुद्धा उघडतात. फळं, कच्चं डुकराचं मांस जप्त होऊ शकतं. आणि बंदूक-काडतुसं जातानाच घरी ठेवा, मेक्सिकोत थेट तुरुंग.

गर्दी टाळायची तर पूर्वेकडचा तेकातेचा नाका बघा. मात्र तो 24 तास उघडा नसतो, वेळ तपासूनच निघा.