शब्दांचा वाटा फक्त सात टक्के?

गैरसमज: माणसांच्या संवादात शब्दांचा वाटा अवघा ७ टक्के असतो. ३८ टक्के काम आवाज करतो आणि उरलेले ५५ टक्के देहबोली. म्हणजे ९३ टक्के संवाद शब्दांविनाच होतो.

वस्तुस्थिती: हे आकडे खरोखरच एका संशोधनातले आहेत. मात्र त्या संशोधनाने विचारलेला प्रश्न वेगळा होता आणि त्यातून निघालेला निष्कर्षही वेगळा होता.

व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे, मुलाखतीची तयारी करून घेणारे वर्ग, विक्रेत्यांची प्रशिक्षणे आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे सुविचार अशा सगळ्या ठिकाणी हे त्रैराशिक ठामपणे मांडले जाते. सोबत ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ अशी पुस्ती असते. कोणत्या संशोधनाने, हे सहसा कुणी सांगत नाही आणि श्रोत्यांपैकीही कुणी विचारत नाही.

संशोधन होते अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे. १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. पहिल्या प्रयोगात मोजून नऊ इंग्रजी शब्द होते. ‘थँक्स’, ‘डिअर’ यांसारखे तीन जिव्हाळ्याचे, ‘मेबी’, ‘रिअली’ यांसारखे तीन तटस्थ आणि ‘टेरिबल’, ‘ब्रूट’ यांसारखे तीन नाराजीचे. हे शब्द दोन स्त्रियांच्या आवाजात, प्रेमळ, तटस्थ आणि तुसड्या अशा तीन सुरांत ध्वनिमुद्रित केले होते. ‘थँक्स’ तुसडेपणाने उच्चारला आणि ‘ब्रूट’ लाडाने म्हटला, तर बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी आपुलकी आहे की नावड, याचा अंदाज ऐकणाऱ्यांनी करायचा होता. त्यांनी शब्दापेक्षा सुरावर कितीतरी अधिक विश्वास ठेवला.

दुसऱ्या प्रयोगात शब्द एकच उरला, ‘मेबी’, म्हणजे ‘कदाचित’. तो वेगवेगळ्या सुरांत ऐकवला आणि सोबत वेगवेगळ्या भावमुद्रांची छायाचित्रे दाखवली. आपुलकी ओळखताना चेहऱ्याचे वजन सुराच्या तुलनेत साधारण तीनास दोन भरले. मग दोन्ही निबंधांतले निष्कर्ष एकत्र जोडून एक समीकरण मांडले गेले: ७ टक्के शब्द, ३८ टक्के सूर, ५५ टक्के चेहरा. १९७१ साली आलेल्या ‘सायलेंट मेसेजेस’ या पुस्तकामुळे ते सर्वदूर पोहोचले.

या प्रयोगांत काय नव्हते, हे पाहिले की पुढचा गोंधळ उलगडतो. त्यांत एकही पूर्ण वाक्य नव्हते. मग संभाषण, भाषण, शिकवणे, सौदा यांचा प्रश्नच येत नाही. शब्द, सूर आणि चेहरा हे तिन्ही घटक एकत्र ठेवून एकही प्रयोग झाला नव्हता. शेवटचे समीकरण ही दोन वेगळ्या प्रयोगांची जुळवाजुळव होती. आणि ज्या देहबोलीच्या नावावर ५५ टक्के जमा केले जातात, ती तर प्रयोगात नव्हतीच. हातवारे, बसण्याची ढब, खांदे, चाल, हस्तांदोलन यांपैकी काहीही कुणी मोजले नाही. तो आकडा छायाचित्रातल्या चेहऱ्याचा आहे. ‘हाताची घडी घालू नका, ५५ टक्के गुण तिथेच जातात’ असे सांगणाऱ्या प्रशिक्षकाने मूळ निबंध उघडूनही पाहिलेला नाही, असे खुशाल समजावे.

खुद्द मेहराबियन यांनी पुढे स्पष्ट केले की ही समीकरणे भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरती आहेत. माणूस त्याविषयी बोलत नसेल तर ती लागू होत नाहीत. कर्त्यानेच घातलेली ही अट आकड्यासोबत मात्र कधीच फिरत नाही.

हा दावा खोडून काढायला खरे तर संशोधनाचीही गरज नाही. तो खरा असता तर अनोळखी भाषेतला चित्रपट भाषांतराशिवाय ९३ टक्के समजला असता. वर्तमानपत्र वाचून बातमीचा जेमतेम चौदावा हिस्सा हाती लागला असता. रेडिओवर क्रिकेटचे समालोचन ऐकणाऱ्या पिढ्यांना अर्ध्याहून अधिक सामना कळलाच नसता. ‘ही गोळी जेवणानंतर, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस’ ही सूचना डॉक्टर कितीही हसतमुख असले तरी चेहऱ्यावरून पोहोचत नाही. ती शब्दांतूनच पोहोचते आणि शंभर टक्के पोहोचावी लागते.

मग संशोधनात तथ्य काय? शब्द एक सांगतात आणि सूर दुसरेच, अशा वेळी भावना ओळखण्यासाठी ऐकणारा सुराकडे आणि चेहऱ्याकडे झुकतो. कपाळाला आठ्या घालून म्हटलेले ‘या ना, बसा’ पाहुण्याला बरोबर कळते. सूर गेला की काय होते, हे जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या अभ्यासात दिसले. उपरोधाने लिहिलेली आणि सरळ लिहिलेली वाक्ये ई-मेलने पाठवणाऱ्यांना वाटत होते की वाचणारा सुमारे ७८ टक्के वेळा फरक ओळखेल. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळाच ओळखला गेला. तीच वाक्ये आवाजात ऐकवली तेव्हा प्रमाण ७३ टक्क्यांवर गेले. म्हणजे सुराचे मोल नक्कीच आहे. ते किती, हे मात्र काय सांगायचे आहे आणि कोणत्या माध्यमातून, यावर ठरते. सर्व प्रसंगांना लागू पडणारी एकच टक्केवारी असूच शकत नाही.

या गैरसमजाला एक शेपूटही आहे: प्राणी शब्दांविना बोलतात, तेव्हा देहबोली हीच निसर्गाची मूळ आणि खरी भाषा. प्राण्यांवरचे संशोधन इतके सोपे उत्तर देत नाही.

शरीराच्या खुणा वाचण्यात प्राणी तरबेज असतात, यात वाद नाही. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा गणिताची उत्तरे खूर आपटून देत असे. १९०४ साली नेमलेल्या समितीला त्यात लबाडी आढळली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट यांनी कसून तपासणी केली आणि १९०७ साली निष्कर्ष छापले. प्रश्नकर्ता दिसत नसेल किंवा त्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्स चुकायचा. खुरांचे ठोके योग्य संख्येला पोहोचले की प्रश्नकर्त्याचे डोके नकळत किंचित वर उचलले जाई आणि हान्स तिथे थांबे. घोड्याला गणित येत नव्हते. त्याला माणूस वाचता येत होता.

पण केनियातील अंबोसेली येथील व्हर्व्हेट माकडांची गोष्ट निराळी आहे. रॉबर्ट सायफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी १९८० साली दाखवले की बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी या माकडांच्या इशाऱ्याच्या हाका वेगवेगळ्या असतात. आसपास शत्रू नसताना त्या हाका ध्वनिक्षेपकावरून ऐकवल्या, तरी बिबट्याच्या हाकेला माकडे झाडावर चढली, गरुडाच्या हाकेला त्यांनी वर पाहिले किंवा झुडपाचा आडोसा गाठला, आणि सापाच्या हाकेला खाली गवतात नजर टाकली. ध्वनिक्षेपकाला ना चेहरा असतो ना देह. निव्वळ आवाजातून नेमकी माहिती पोहोचली.

मधमाशीचे उदाहरण याच्या उलट टोकाचे. तिथे देहच माहिती सांगतो, पण ती माहिती भावनेची नसते. खाद्य शोधून आलेली माशी पोळ्याच्या उभ्या पृष्ठभागावर शरीर थरथरवत सरळ रेषेत चालते. ही रेषा उभ्या दिशेच्या उजवीकडे ४० अंशांनी कललेली असेल, तर खाद्य सूर्याच्या दिशेपासून ४० अंश उजवीकडे असते. थरथर जितकी लांबते, तितके अंतर जास्त. पोळ्यातल्या काळोखात इतर माश्या हे नृत्य जवळून, स्पर्शाने टिपतात. हा उलगडा करणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

परिस्थिती बदलली की संकेतही बदलतात. नेदरलँड्समधील लायडन शहरात हान्स स्लाबेकोर्न आणि मार्गरिट पीट यांना २००३ साली आढळले की गोंगाटाच्या भागातले बल्गुली जातीचे पक्षी गाण्यातल्या खालच्या पट्टीच्या जागा वर उचलून गातात. रहदारीची घरघर खालच्या पट्टीत असते. तिच्यात ते सूर बुडून गेले असते.

आता काही किरकोळ, पण चिवट गैरसमज.

‘खाणाखुणांची भाषा जगभर एकच असते.’ नाही. भारतीय, अमेरिकी आणि ब्रिटिश सांकेतिक भाषा वेगवेगळ्या आहेत. त्या हावभाव नसून व्याकरण असलेल्या पूर्ण भाषा आहेत. अमेरिकी सांकेतिक भाषेबाबत हे विल्यम स्टोकी यांनी १९६० सालीच दाखवले.

‘बायका दिवसाला वीस हजार शब्द बोलतात, पुरुष सात हजार.’ २००७ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या ३९६ विद्यार्थ्यांच्या ध्वनिमुद्रणांवर आधारित अभ्यासात दोघांचीही सरासरी सुमारे सोळा हजार भरली.

‘कुत्रा शेपटी हलवतो म्हणजे खूश असतो.’ दर वेळी नाही. इटलीतील २००७ सालच्या अभ्यासात मालक दिसताच कुत्र्यांची शेपटी उजवीकडे अधिक झुकली, तर अनोळखी दांडगा कुत्रा दिसताच डावीकडे.

‘नाग पुंगीच्या सुरांवर डोलतो.’ तो पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून असतो. ‘साप ठार बहिरा असतो’ हे त्यावरचे उत्तरही चूकच. त्याला बाहेरचा कान नसला तरी आतला असतो आणि खालच्या पट्टीचे आवाज त्याला जाणवतात.

‘नजर चुकवणारा माणूस खोटे बोलत असतो.’ चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ साली २४ हजारांहून अधिक लोकांनी केलेल्या अंदाजांचा एकत्रित आढावा घेतला. वागण्या-बोलण्यावरून खरे-खोटे ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरले. नाणेफेकीने ५० टक्के साधतात. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराची नजर खाली गेली म्हणून त्याला लबाड ठरवणाऱ्यांनी एवढा आकडा तरी ध्यानात ठेवावा.