हिरडा, बोरिंग आणि एक प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की आलापल्लीत माझ्याकडे मुलांची ये-जा वाढते. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरताच. पण ‘चाचा, प्रकल्पाची भाषा तेवढी नीट करून द्या’ म्हणत मुले वह्या घेऊन येतात. त्या वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. भाषा बहुतेकांची बरी असते. प्रश्नच नसतो. एका मुलाने तर निष्कर्ष सुवाच्य अक्षरात लिहून आणला होता. प्रयोग कधी केला, असे विचारले तर म्हणाला, ‘तो उरलाय.’

सीबीएसईच्या बारावीला रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचे 30 गुण असतात, त्यांतले 4 प्रकल्पाचे. पेरू पिकताना त्यातले ऑक्झॅलेट कसे बदलते, निरनिराळ्या दुधांत केसीन किती, असे विषय अभ्यासक्रमातच सुचवलेले आहेत. विषय चांगले आहेत. पण त्यांची उत्तरे बाजारात तयार मिळतात. 1993 पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा आग्रह वेगळा आहे. 10 ते 17 वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घ्यावा, असे ती सांगते. मलाही तेच पटते. ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही आणि जे दोन्ही बाजूंनी येऊ शकते, तोच खरा प्रश्न.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. काही हातपंपांच्या, म्हणजे आपल्या बोरिंगच्या, पाण्याचा चहा काळपट होतो आणि गुंडाच्या तळाशी तांबूस थर बसतो. हे पाण्यातल्या लोहाचे काम. जमिनीखाली ते विरघळलेले आणि बिनरंगी असते. हवा लागली की गंजाच्या रूपाने खाली बसते. चहातल्या टॅनिनशी त्याची गाठ पडली की निळसर काळा रंग येतो. हिरड्यात टॅनिन भरपूर असते. आमच्या घरी त्याला हर्रा म्हणतात. हिरडा आणि हिराकस यांची शाई पूर्वी याच गुणावर बनत असे.

आता मुले लगेच म्हणतात, एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा लोहखनिजाचा डोंगर आहे, म्हणून पाण्यात लोह. हा तर्क झाला, पुरावा नव्हे. लोह पंपाच्या गंजलेल्या पाइपातूनही येऊ शकते. पश्चिम आफ्रिकेतल्या हातपंपांवर 1980 च्या दशकात जे अभ्यास झाले, त्यांत अनेक ठिकाणी दोष जस्ताचा मुलामा दिलेल्या, गंजणाऱ्या पाइपांचा निघाला होता. मग आपला प्रश्न असा: आपल्या बोरिंगमधले लोह जमिनीचे की पाइपाचे?

हे ओळखायची युक्ती साधी आहे. रात्रभर पाणी पाइपात उभे राहते. 32 मिलिमीटर रुंद आणि 30 मीटर लांब पाइपात सुमारे 24 लिटर, म्हणजे दोनेक गुंड पाणी मावते. पहाटेच्या पहिल्या पाण्याची एक बाटली भरायची. मग पाच गुंड उपसून दुसरी. पहिलीत लोह जास्त आणि दुसरीत बरेच कमी, तर संशय पाइपावर. दोन्हींत सारखेच, तर जमिनीवर. पहाटे कुणी आधी पाणी भरू नये म्हणून मोहल्ल्यातल्या बायांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते. योजनेत तेही लिहावे. उपसलेले पाणी त्यांच्याच गुंडात जाईल, वाया जाणार नाही.

मोजायला पट्टी हवी. परमँगनेटच्या प्रयोगासाठी शाळेत फेरस अमोनियम सल्फेट असते. त्याचे 0.702 ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवले, तर लिटरमागे 100 मिलिग्रॅम लोहाचे द्रावण होते. त्यातले 1, 2, 4 आणि 8 मिलिलिटर घेऊन प्रत्येकी 100 मिलिलिटर केले, की लिटरमागे तेवढ्याच मिलिग्रॅमची पट्टी तयार. पाणी अशा विहिरीचे घ्यावे, जिच्यात हिरडा टाकूनही रंग येत नाही. पाचवी नळी बिनलोहाची, कारण हिरड्याला स्वतःचा पिवळसर रंग असतो. द्रावण त्याच दिवशीचे हवे. शिळ्या द्रावणातले लोह गंजून बसते.

बाकी सारे सारखे ठेवायचे: नमुना 100 मिलिलिटर, हिरड्याचा गाळलेला काढा 5 मिलिलिटर, थांबायचा वेळ तोच. काढा पंपाजवळच, बाटली भरताक्षणी टाकायचा. पांढऱ्या कागदावर नळी उभी धरून वरून खाली पाहायचे. पाहणाऱ्याला बाटली कोणती ते कळू द्यायचे नाही, नाहीतर डोळा मनासारखे पाहतो. तीन पंप, तीन सकाळी, दोन बाटल्या: अठरा नोंदी. बाटलीत गंजाचे कण दिसले तर तेही लिहावे, कारण त्यांना रंग सावकाश येतो आणि आकडा कमी दिसतो. तपासलेले पाणी कुणी पिऊ नये.

कवितेतली नको असलेली ओळ मी खुशाल खोडतो. निरीक्षणाच्या वहीत ते चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारावी, तो वाचता आला पाहिजे.

लिटरमागे 0.3 मिलिग्रॅमहून अधिक लोह असले की कपड्यांवर डाग पडू लागतात. आपली पट्टी एवढे बारीक मोजणार नाही, आणि पाणी पिण्यालायक आहे की नाही हेही सांगणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. पण दोष पाइपाचा दिसला, तर न गंजणारा पाइप मागता येतो. जमिनीचा दिसला, तर पाइप बदलण्याचा खर्च वाया जाईल. तिथे पाण्याला हवा देऊन ते वाळूतून गाळायची सोय हवी. ग्रामपंचायतीत अर्ज कशाचा करायचा, ते या अठरा नोंदींवरून कळू शकते.

म्हणून मुलांना मी सांगतो, प्रयोगाआधी वहीत निष्कर्ष लिहायचाच असेल तर दोन लिहा. असे दिसले तर हा, तसे दिसले तर तो. मग पहाटे उठा आणि बोरिंगवर जा.