रोगाची पायरी आणि अंतराचे गणित

छत्रपती संभाजीनगरात रिक्षावाल्याला नुसते ‘घाटी’ म्हटले, की तो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापाशी आणून सोडतो. हे महाविद्यालय १९५६ सालचे. त्याच्याशी संलग्न असे शासकीय कर्करोग रुग्णालय शहरात २०१२ साली सुरू झाले. त्यापूर्वी मराठवाड्यातील पुष्कळ रुग्णांना परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागे. मुंबई येथून सुमारे ३४० किलोमीटर. हे अंतर रोगाच्या निदानातही कसे शिरते, ते एका लहानशा ग्रंथीच्या उदाहरणाने पाहू.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला पुरःस्थ ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट म्हणतात. उतारवयात काही जणांना तिचा कर्करोग होतो. रोग कितपत पुढे गेला आहे, हे डॉक्टर पायऱ्यांनी मोजतात. साधारणपणे पहिल्या दोन पायऱ्यांत गाठ ग्रंथीच्या आतच असते. तिसरीत ती बहुधा ग्रंथीबाहेर पडते आणि चौथीत रोग दूरच्या हाडांपर्यंतही पोहोचलेला असू शकतो. पहिल्या पायऱ्यांवर रोग पूर्ण बरा होण्याची आशा मोठी असते. पण तेव्हा बहुधा काहीच दुखत-खुपत नाही. मग तो ओळखावा कसा?

येथे एमआरआय कामी येतो. यात क्ष-किरण नसतात. आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाण्यात हायड्रोजन. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात हायड्रोजनची अणुकेंद्रे रेडिओलहरींना प्रतिसाद देतात आणि त्या प्रतिसादावरून संगणक चित्र रचतो. सणाच्या दिवशी गुलमंडीच्या बाजारात गर्दीमुळे पाऊल टाकता येत नाही ना? तसेच कर्करोगाच्या गाठीत पेशींची दाटी झाल्याने पाण्याच्या रेणूंना मोकळेपणी हिंडता येत नाही. ही अडलेली हालचाल चित्रात उठून दिसते. ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. घातक ठरू शकणाऱ्या १०० कर्करोगांपैकी ९३ एमआरआयने हेरले. ध्वनिलहरींच्या आधाराने सुईने तुकडे काढण्याच्या रूढ पद्धतीने मात्र ४८ च.

आता एक कोडे पाहा. अमेरिकेत या रोगाने मृत्यू पावण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय पुरुषांत गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे. दोष रक्ताचा की परिस्थितीचा? रोग होण्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे खरे. आठव्या गुणसूत्रावरील काही फेरफार हा धोका वाढवतात आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत त्यांतले काही अधिक आढळतात. परंतु २०१९ साली तीन लाखांहून अधिक रुग्णांच्या माहितीवरून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. जेथे दोघांनाही सारखे उपचार मिळाले आणि रोगाची पायरीही सारखी होती, तेथे कृष्णवर्णीयांचे या रोगाने होणारे मृत्यू अधिक नव्हते. म्हणजे रोग होणे हा एक प्रश्न, आणि तो कोणत्या पायरीवर सापडतो व पुढे काय उपचार मिळतात, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर केवळ वंशात शोधून चालत नाही.

आपल्याकडेही तसेच आहे. भारतात या रोगाचे प्रमाण अमेरिकेपेक्षा बरेच कमी. पण रोग पसरल्यावरच रुग्णालयात येणारे मात्र पुष्कळ.

अंतराची अडचण तर चित्र काढण्याच्या साधनांनाही भोवते. रोग शरीरात कोठे पसरला, हे पाहण्यासाठी गॅलियम-६८ हे किरणोत्सारी मूलद्रव्य वापरतात. ते कर्कपेशींना चिकटणाऱ्या रेणूला जोडून शिरेतून देतात. त्याचे अर्धायुष्य ६८ मिनिटे. समजा, ते मुंबईहून मोटारीने सात तासांत येथे आणले. सात तास म्हणजे ४२० मिनिटे, सुमारे सहा अर्धायुष्ये. दर वेळी निम्मे याप्रमाणे उरेल चौसष्टावा हिस्सा! म्हणून गॅलियम दुरून आणत नाहीत. जर्मेनियम-६८ चे अर्धायुष्य २७१ दिवस असते आणि त्यापासून गॅलियम सतत तयार होत राहते. जर्मेनियमची कुपी रुग्णालयातच ठेवतात आणि हवे तेव्हा गॅलियम काढून घेतात. या कुपीला तंत्रज्ञ गमतीने ‘गाय’ म्हणतात आणि गॅलियम काढण्याला ‘दूध काढणे’! दूध नासणारे असेल, तर गायच दारी बांधावी, नाही का?

मित्रांनो, तुमच्या आजोबांना रात्री वारंवार लघवीला उठावे लागत असेल, तर घाबरू नका. वयोमानाने ही ग्रंथी नुसती वाढली तरी असे होते, आणि ती वाढ कर्करोग नसते. पण “म्हातारपण आहे, चालायचेच” असे म्हणून गप्पही बसू नका. संकोचामुळे पुष्कळ जण ही गोष्ट घरात बोलत नाहीत. घर ते दवाखाना हे अंतर कधीकधी ३४० किलोमीटरांहूनही लांब असते. ते कमी करणे मात्र तुमच्या हाती आहे.